निम्मी माती दिसली पाहिजे

‘लेकीकडे अमेरिकेला जाऊन काय केलंस?’ असं आमच्या भिशीत मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ‘गवत पेरलं!’ सगळ्याजणी खो खो हसल्या. हसणारच. आपल्याकडे गवत काय पेरायचं असतं होय? ते न पेरताच येतं आणि उपटून उपटून आपली कंबर जाते. मीही भांगलणीच्या पातीला बसलेली बाई. शाळेत शिकवायची नोकरी केली, पण सुट्टीच्या दिवशी पाय शेतातच. गवताशी माझं नातं खुरप्याचं. पण 2023 सालच्या सप्टेंबरात मी खरोखरच गवत पेरलं, त्याला खत घातलं, त्याच्यावर काडाचं आच्छादन केलं आणि रोज सकाळी उठून उगवलं का ते पाहिलं. त्याचीच ही गोष्ट.

वाईजवळ आमचं गाव. हळद, ऊस, थोडा गहू. 2021 च्या मे महिन्यात कोरोनानं आमचे हे गेले. लेक न्यू जर्सीत. तिला येता आलं नाही. त्या महिन्यात इथल्या अमेरिकन वकिलातींमधलं व्हिसाचं नेहमीचं काम थांबलेलं, तिकडे भारतातून येणाऱ्यांवर बंदी. आली असती तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता आणि पदरात चार वर्षांची पोर. दोन वर्षांनी, 2023 च्या जूनमध्ये तिनं मला बोलावून घेतलं. सहा महिन्यांसाठी.

गेले खरी, पण पंधरा दिवसांतच जीव रमेना. ‘आई, तू आराम कर. जन्मभर राबलीस.’ भांडी घासायला मशीन, कपडे वाळवायला मशीन. मी हात बांधून खिडकीत बसायची. आणि खिडकीतून काय दिसायचं? तर घरामागचं उघडं, लालभडक रान!

घर नवंकोरं. सॉमरसेट काउंटीतली ती माती लाल, पाहिली की महाबळेश्वरचा घाट आठवावा. पण बांधकाम करताना वरची चांगली माती खरवडून गेलेली, खालची मुरमाड माती यंत्रांच्या चाकांखाली दगडासारखी दबलेली. दोन गुंठ्यांना थोडी कमीच जागा. जावयांनी एप्रिलमध्ये तिथं पिशवीतलं खत टाकलं, मेमध्ये बी फेकलं. काही म्हणजे काही उगवलं नाही. जे तुरळक आलं, ते जुलैच्या उन्हात होरपळलं. उगवलं ते फक्त क्रॅबग्रास नावाचं पसरट तण. पाऊस झाला की लाल गाळ शेजाऱ्यांच्या हिरवळीवर. शेवटी वसाहतीच्या समितीची चिठ्ठी आली : ऑक्टोबरअखेर जमीन झाकलेली दिसली नाही, तर दंड. लेक रडकुंडीला आली. नोकरी, शाळा, घर आणि वर हे!

‘अगं, पण खत कसलं टाकलं होतं ते तर बघ,’ मी म्हटलं. गॅरेजमधून रिकामी पिशवी काढली. नातीनं अडखळत इंग्रजी वाचलं, लेकीनं अर्थ सांगितला. ते नुसतं खत नव्हतंच. त्यात तणाचं बी उगवूच नये म्हणून औषध मिसळलेलं. आता त्या औषधाला काय कळतंय, कुठलं बी तणाचं आणि कुठलं आपलं? त्यानं सगळ्यांचंच उगवणं रोखलं! जावई बिचारे ओशाळले. मी म्हटलं, ‘अहो, आमच्याकडेही तणनाशकाच्या पंपानं भाजीवर फवारणी करून रान जाळणारे आहेत. तुमचं निदान दोनच गुंठे गेलं.’ त्या दिवशी घरात पहिल्यांदा सगळे मोकळे हसलो.

मग लेकीनं रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार केंद्राला फोन लावला. आपल्याकडे जसं राहुरीचं कृषी विद्यापीठ, तसं त्यांच्याकडे हे. 1914 सालच्या कायद्यानं तिकडे अशी विस्तार केंद्रं उभी राहिली. प्रशिक्षण घेतलेले हौशी बागकामवाले तिथं लोकांच्या शंकांना उत्तरं देतात. फोनवरच्या बाई वयस्कर असाव्यात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मातीपरीक्षण केलंय का?’

मैत्रिणींनो, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या ह्यांचं हे वाक्य. मातीपरीक्षण केल्याशिवाय खताची पिशवी फोडू द्यायचे नाहीत. मी पदर खोचला. दहा-बारा ठिकाणी वीतभरापेक्षा थोडं कमी खणून माती घेतली, बादलीत कालवली, कागदावर पसरून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा कालवली. शेवटी दोन वाट्या उरली, ती पाकिटात भरून पाठवली. लेक दारात उभी राहून बघत होती. ‘बाबा असंच करायचे ना?’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. आम्ही दोघी ह्यांच्याबद्दल बोलायचं टाळत होतो. दोन वर्षं टाळतच होतो.

अहवाल आला : माती आम्लधर्मी, स्फुरद कमी. म्हणजे सांगितल्याएवढी चुन्याच्या दगडाची पूड टाकायची, कंपोस्ट घालायचं आणि पेरणीच्या वेळी खत असं घ्यायचं की पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला मोठा असेल. ते तीन आकडे आपल्या ओळखीचे आहेत बरं का! आपल्याकडे 10:26:26 म्हणतो, तेच. नत्र, स्फुरद, पालाश. कोवळ्या रोपाच्या मुळ्या इवल्याशा, लांबचं स्फुरद त्यांना ओढता येत नाही, म्हणून ते मुळाशी हवं. नत्र मात्र बेतानं. जास्त झालं तर पानं माजतात, मुळं मागे राहतात.

आणखी एक गोष्ट कळली. न्यू जर्सीत 2011 पासून हिरवळीच्या खतांसाठी कायदाच आहे. जमलेल्या हिरवळीला उगाच स्फुरद घालायचं नाही. नवीन पेरणी असेल किंवा परीक्षणात कमी निघालं असेल, तरच. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरगुती खत टाकणंच बंद. कारण पावसाबरोबर ते खत ओढ्यानाल्यांतून खाडीत जातं, पाण्यावर शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. आपल्या नद्यांवरची जलपर्णी डोळ्यांसमोर आली. चिमूटभर जास्त टाकलेलं खत शेवटी कुणाच्या तरी पाण्यात जातं, हे आपण कुठे लक्षात घेतो?

आता प्रश्न कधी पेरायचं? तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मला हे आधी उलटंच वाटलं. थंडीच्या तोंडावर कुणी पेरतं का? पण हे गवतच थंडीतलं. साधारण 15 ते 24 अंशांत खूष. आपल्या हरळीला ऊन लागतं, याला गारवा. सप्टेंबरात माती अजून उबदार असते म्हणून बी लवकर रुजतं, हवा गार होत जाते म्हणून रोप होरपळत नाही आणि उन्हाळी तणं तोवर थकलेली असतात. वसंतात पेरलं की मुळं धरायच्या आत उन्हाळा येऊन बसतो. जावयांच्या पेरणीचं औषधानं एक बिघडवलं, हंगामानं दुसरं.

बी तीन जातींचं मिसळलेलं आणलं. जास्त करून टॉल फेस्क्यू, कारण त्याची मुळं खोल जातात. थोडं केंटकी ब्लूग्रास. नाव केंटकीचं, पण मूळचं ते युरोपातलं. आणि थोडं रायग्रास, जे सगळ्यांत आधी उगवतं. रायग्रासचं ‘मॅनहटन’ नावाचं गाजलेलं वाण 1967 साली याच रटगर्सनं दिलं, तेही न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या गवतातून निवडून. आपण नाही का, चांगलं कणीस बघून बियाण्याला बाजूला ठेवत? तसंच.

गॅरेजात मागच्या वर्षीची अर्धी पिशवी होती. जावई म्हणाले, ‘आई, हीच वापरू की.’ मी म्हटलं, ‘थांबा.’ शंभर बिया मोजल्या, ओल्या कागदी रुमालात गुंडाळल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यावर ठेवल्या. सोयाबीन पेरण्याआधी आपण गोणपाटात उगवण बघतो, तीच रीत. नव्या पिशवीतल्याही शंभर तशाच ठेवल्या. दोन आठवड्यांनी जुन्यातल्या एक्केचाळीस फुटल्या, नव्यातल्या त्र्याऐंशी. उन्हाळाभर तापलेल्या गॅरेजात बी दुसरं काय करणार? तिकडे पिशवीवर उगवणीचा टक्का आणि तपासणीचा महिना छापलेला असतो. तो वाचायची सवय आपल्यालाही हवी.

रान तयार करायला भाड्यानं टिलर आणला. वाफसा बघून चालवला. ओल्या रानात यंत्र घातलं की ढेकळं होतात, हे काय सांगायला हवं? कंपोस्ट आणि चुनखडीची पूड मिसळली, दगड वेचले, उतार घरापासून बाहेर जाईल असा धरला. वरच्या थरात खत मिसळलं.

16 सप्टेंबर, शनिवार. पेरणीचा दिवस. सहा-सव्वासहा किलो बी. त्याचे दोन समान भाग केले. एक भाग उभा फोकला, दुसरा आडवा, म्हणजे चट्टे राहत नाहीत. बी फार खोल गेलं तर वर येत नाही, म्हणून दाताळ्याची पाठ हलकेच फिरवून जेमतेम पाव इंच मातीआड केलं. वरून हलका रोलर. बी आणि माती एकमेकांना चिकटली पाहिजेत.

मग आच्छादन. जावई गाडीतून चार गठ्ठे घेऊन आले. स्वस्त मिळाले म्हणून खुशीत. मी एक गठ्ठा सोडला आणि ओरडलेच, ‘अहो, हे काड नव्हे, ही तर वैरण!’ वाळवलेलं गवत होतं ते, तुऱ्यांसकट. एकेका तुऱ्यात तणाचं किती बी! ते पसरलं असतं तर केलेली सगळी मेहनत मातीत. मशीनच्या घरात पंधरा दिवस निरुपयोगी बसलेली बाई त्या क्षणी घरातली कर्ती झाली! जावई मुकाट्यानं परत गेले आणि गव्हाच्या काडाचे दोन गठ्ठे घेऊन आले. हजार चौरस फुटांना एक, असा हिशोब.

लेक आणि मी काड पसरायला लागलो. ती आपली ओंजळी भरभरून टाकतेय, गादी केल्यासारखं. मी म्हटलं, ‘अगं, पातळ कर. फोनवरच्या बाई काय म्हणाल्या? वरून बघितलं की निम्मी माती दिसली पाहिजे.’

‘पण झाकलेलं बरं ना? ऊन, पक्षी, पाऊस…’

‘झाकायचं ते ओल टिकायला आणि पावसानं बी वाहून जाऊ नये म्हणून. जाड केलंस तर खाली अंधार होईल. कोंब पिवळे पडून कुजतील.’

ती ओंजळीतलं काड घेऊन तशीच उभी राहिली. मग खाली बसली. म्हणाली, ‘आई, एक विचारू? बाबांच्या वेळी मी आले नाही. तू माझ्यावर रागावलीस का?’

‘नाही गं बाई’ हे शब्द तोंडाशी आले होते. गावात सगळ्यांना मी हेच सांगत आले होते, तिचा नाइलाज होता. पण त्या दिवशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, ‘हो. चार-सहा महिने रागावले होते. रात्री झोप लागली नाही की तुझ्यावर रागवायची. कुणावर तरी रागवायला हवं होतं.’

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. ह्यांनी दवाखान्यातून शेवटचा फोन केला तेव्हा हळदीच्या बेण्याची चौकशी केली आणि ‘पोरीला काही कळवू नकोस, ती तिकडे एकटी घाबरेल’ म्हणाले. ‘आणि तू येऊन तरी काय करणार होतीस?’ मी म्हटलं. ‘पालिकेच्या माणसांनीच सगळं केलं. मला घराबाहेर पडू दिलं नाही. त्यांना पोचवायला मीही नव्हते गं.’

हे तिला माहीत नव्हतं. तिला दोन वर्षं वाटत होतं की सगळे होते, फक्त ती नव्हती. तिला त्रास नको म्हणून मी सांगितलं नाही आणि मला त्रास नको म्हणून तिनं विचारलं नाही. आम्ही दोघींनी एकमेकींवर मायेनं इतकं जाड पांघरूण घातलं होतं की खाली सगळं पिवळं पडत चाललं होतं.

नातीनं येऊन विचारलं, ‘आजी, काय झालं?’ लेक डोळे पुसत म्हणाली, ‘काही नाही, काड डोळ्यांत गेलं.’ मग तिघींनी मिळून राहिलेलं रान झाकलं. फाटकाजवळ काड थोडं कमी पडलं, तेवढी पट्टी उघडी राहिली.

तीन दिवसांनी गणपती आले. दूर्वा शोधायला निघाले, तर फुटपाथच्या फटीत हरळीची जाळी सापडली. लेक म्हणाली, ‘इथं हे हिरवळीतलं चिवट तण मानतात. औषध मारतात याच्यावर.’ मी एकवीस जुड्या केल्या आणि देवाला वाहिल्या. एकाचं तण ते दुसऱ्याची पूजा!

पाण्याचं काम माझ्याकडे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं, वरची माती सुकू नये एवढंच. धो धो सोडायचं नाही. आपल्याला हे शिकवायला नको. घटस्थापनेला आपण काय करतो? माती पसरतो, धान्य टाकतो आणि बेतानं पाणी शिंपडतो. हा दोन गुंठ्यांचा घटच होता म्हणा ना!

आणि मग 23 तारखेला ओफेलिया नावाच्या वादळाचा पाऊस आला. दोन दिवस झड लागली. मी खिडकीत बसून देवाचा धावा करत होते. पाऊस उघडल्यावर बाहेर गेलो तर काय! काडाखालचं रान जसंच्या तसं आणि काडातून हिरवी, केसासारखी लव वर आलेली. रायग्रास उगवलं होतं! फाटकाजवळच्या उघड्या पट्टीत मात्र ओघळ पडलेले. तिथलं सगळं बी वाहून कोपऱ्यात ढिगानं साचलं होतं. आच्छादन म्हणजे काय, हे त्या एका पट्टीनं शिकवलं. 29 तारखेला पुन्हा जोराचा पाऊस झाला, न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेत पाणी शिरलं. तोवर फेस्क्यूनंही मूळ धरलं होतं. ती पट्टी नंतर पुन्हा पेरली, या वेळी काड घालून. ब्लूग्रास सगळ्यांत सावकाश. तिसऱ्या आठवड्यात दिसलं, तोवर जावयांनी त्याची आशा सोडली होती.

उगवल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी केल्या, पण एका वेळचं पाणी वाढवलं, म्हणजे मुळं खाली जातात. काड उचललं नाही. पातळ होतं, तिथंच कुजून जातं. त्यातले चुकार गव्हाचे दाणे उगवले, ते नातीनं नवरात्रात आजीचा घट म्हणून मैत्रिणींना दाखवले. मेपलची पानं पडायला लागली, तशी ती रोज हलक्या हातानं काढली. गवत साडेतीन-चार इंच झाल्यावर, रान कोरडं बघून, धारदार पात्यानं पहिली कापणी केली. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खताचा दुसरा हलका हात. समितीची चिठ्ठी पुन्हा आली नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? हे गवत आपल्या उन्हात टिकायचं नाही, त्याचं बी मागवू नका. पण परसात कोथिंबीर, मेथी टाकताना किंवा मिरचीचं तरू करताना रीत हीच आहे. माती मोकळी करा, जुनं बी तपासून घ्या, बी वरचेवर पेरा, झारीनं पाणी द्या आणि पातळ काड पसरा. फक्त भाजीच्या तरूवरचं काड उगवण झाली की अलगद काढून घ्या.

डिसेंबरात मी परत आले. मार्चमध्ये लेकीनं फोनवर दाखवलं, बर्फाखालून निघालेलं हिरवंगार रान. 2024 च्या ऑक्टोबरात तिकडे पावसानं जवळजवळ दडीच मारली, तेव्हा ते गवत पिवळटलं, पण मुळं जिवंत राहिली. पुन्हा हिरवं झालं. आता आठवड्यातून एकदा तरी आम्ही बाबांवर बोलतो. कधी हसतो, कधी रडतो.

2025 च्या जानेवारीत ती गावी आली. पहिल्याच दिवशी शेतात गेली, विहिरीच्या कठड्यावर, जिथं ह्यांची बसायची जागा होती, तिथं खूप वेळ बसून राहिली. मी खोडव्यात पाचट पसरत होते. थोड्या वेळानं उठून आली, माझ्या हातातलं पाचट घेतलं आणि पातळ पातळ टाकायला लागली. ‘आई, निम्मी माती दिसली पाहिजे ना?’

‘अगं वेडे, ते पेरलेल्या बियांना. हा ऊस आहे, याला जाडच लागतं!’ मी म्हटलं.

आणि दोघी हसत सुटलो.